काकूंचं नाक, माझी गाडी

काकू माणसाची ओळख आधी नाकाने करून घ्यायच्या. नाशिकच्या इंदिरानगरातली त्यांची वरच्या मजल्यावरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. डोळे अर्धवट मिटले, हनुवटी जराशी वर केली आणि म्हणाल्या, "एसटीनं आलीस. शेजारी मेथी होती."

"शेजारी एक बाई होत्या," मी म्हटलं. "त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या."

"बाई मला कळल्या नाहीत. मेथी कळली. ये आत."

मी सटाण्याकडची. ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती आणि पेठ, हरसूल या डोंगराकडच्या गावांतून हिंडून शेतकऱ्यांना नळ्या आणि तोट्या समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. काकू तळमजल्यावर एकट्या राहत. बुटक्या, ताठ कण्याच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. नाक मात्र अगदीच साधं, कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढंसं. रसायनशास्त्र शिकून त्यांनी सगळी नोकरी एका मसाल्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली होती. तिखटात भेसळ आहे का, हळद जुनी आहे का, धने ओले असताना पोत्यात भरलेत का, हे त्या सांगायच्या. यंत्रंही होती तिथे. पण यंत्रावर आकडा उमटेपर्यंत काकूंचं सांगून झालेलं असे, आणि मग त्या यंत्र बरोबर चाललंय की नाही हे बघत बसत.

त्यांच्यासमोर 'घाण वास' म्हणायची सोय नव्हती.

"घाण वास असं काही नसतं," त्या म्हणायच्या. "कशाचा आहे ते सांग. नावं काय ठेवतेस? नाव सांग."

घरात उदबत्ती लावायला त्यांची सक्त मनाई. देवासमोर फक्त फुलं आणि तीही मोजकीच. एका वासावर दुसरा वास घालणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. आणि अशा बाईचं लग्न नेमकं तपकीर ओढणाऱ्या गृहस्थांशी झालेलं. काका मी यायच्या कितीतरी आधी गेले होते. त्यांच्याबद्दल विचारलं की काकू गालातल्या गालात हसत. "आमचं चांगलं पटायचं हो. फक्त जरा लांबून पटायचं. ते बाहेर ओट्यावर बसायचे, मी खिडकीत. तिथून आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो."

आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे नेमाने यायचे. कोणी गावाकडून आलेलं तूप घेऊन, कोणी मुलाच्या खोलीतला शर्ट घेऊन. तुपाचं त्या सांगत. शर्टाचं सांगत नसत. "त्याला विचारा," म्हणून परत देत. माझं स्वयंपाकघर वर असलं तरी त्यांच्या नजरेखाली, म्हणजे नाकाखालीच होतं. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी मी जिरं टाकलं तर खालून हाक यायची, "उलटं केलंस!"

मी गाडी घ्यायची ठरवलं, तेव्हा काकू बरोबर आल्या. गाडी जुनीच घ्यायची होती. विकणारे गृहस्थ बॉनेट उघडून उभे राहिले आणि इंजिनाबद्दल पुष्कळ चांगलं बोलू लागले. काकूंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, दारं लावून घेतली, काचा वर केल्या आणि डोळे मिटून स्वस्थ राहिल्या. विकणारे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "ताई, यांना काही त्रास होतोय का?"

काकू बाहेर आल्या. "गाडीतून कांदे नेलेत तुम्ही."

"एक-दोनदा."

"पुष्कळदा. पण गाडीत पाणी कधी शिरलेलं नाही, काही जळलेलंही नाही. घे गं. कांद्याचं काय, आपण नाशिकचेच आहोत."

अशी ती गाडी आली. लाल रंगाची, लहानशी, चढावर जरा कुरकुरणारी. पेठहून पहिल्यांदा परत आले आणि गाडी फाटकात लावतेय तोच काकू स्वयंपाकाचे ओले हात पुसत बाहेर. "जळतंय."

मलाही वास येत होता. मी घाबरून बॉनेट उघडायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. आधी त्या गाडीभोवती चक्कर मारून आल्या, प्रत्येक चाकाशी वाकल्या, मग पुढे, मग मागे. मला म्हणाल्या, "जळणं म्हणजे काही एक गोष्ट नव्हे. क्लच जळला की जुनं वर्तमानपत्र पेटवल्यासारखं येतं. ब्रेक तापले की नव्या सतरंजीवर इस्त्री विसरल्यासारखं. इंजिन थंड ठेवायचं पाणी गळत असेल तर गोडसर, काकवीसारखं. वायर असली तर नाकात टोचतं, आणि मग गाडीपासून लांब व्हायचं, वास घेत बसायचं नाही. आता हे काय आहे ते सांग."

मी हुंगलं. "जळल्यासारखं."

"अगं बाई! म्हणजे गाडी कशी आहे विचारलं तर गाडीसारखी म्हणशील." त्यांनी मला खाली वाकायला लावलं. मागच्या बाजूला सायलेन्सरच्या गरम पाइपला एक प्लास्टिकची पिशवी चिकटून वितळली होती. रस्त्यावरून उडून आलेली. पाइप थंड झाल्यावर आम्ही ती उलथन्याने खरवडून काढली. उलथनं माझं होतं. काकूंनी स्वतःचं दिलं नाही.

पुढे एकदा खराखुरा बिघाड निघाला. अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले होते, सगळे त्यांना मामू म्हणत. मामूंनी गाडी एक फेरी फिरवून आणली आणि म्हणाले, "ताई, क्लच प्लेट असंल. उघडून बघावं लागंल."

"क्लच नाही," काकू म्हणाल्या. "तवा तापवून वर तेल सांडलंय."

मामू हसले, पण टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि खालूनच ओरडले, "अरे मावशी, वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय! तेल सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकतंय!" मामू दिलदार माणूस. त्यानंतर अधूनमधून त्यांचा फोन यायचा, "मावशी, एक गाडी आलीय. चहा पिता पिता जरा हुंगून जाता का?" आणि काकू पदर खोचून निघायच्या.

त्या चुकत नसत असं नाही. एकदा एका मोठ्या गाडीपाशी उभं राहून त्यांनी ठामपणे सांगितलं की आत कुठेतरी कापूस जळतोय, उंदरानं घरटं केलं असणार. मामूंनी बिचाऱ्यांनी सगळं खोलून पाहिलं. काही नाही. मग कळलं की पलीकडच्या गादीवाल्याने जुना कापूस पेटवून दिला होता. मामूंनी तक्रारीच्या सुरात ते सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "कापूस होता ना? मग झालं."

मग एका साथीत काकू आजारी पडल्या. फार नाही. ताप आला, खोकला झाला, मी वरून जेवण आणून दाराशी ठेवायची आणि त्या आतून "मीठ जास्त" किंवा "आज बरंय" असं ओरडायच्या. पुढेपुढे ते ओरडणं बंद झालं. मला वाटलं, अशक्तपणा असेल. त्या बऱ्या झाल्या, हिंडूफिरू लागल्या, आणि मीही कामाला लागले.

एका संध्याकाळी फोनवर आईशी बोलता बोलता माझी डाळ लागली. लागली म्हणजे कोळसा झाली. घरभर धूर. मी खिडक्या उघडल्या, पातेलं पाण्यात टाकलं आणि खालून हाक यायची वाट बघत उभी राहिले. हाक आली नाही. मला ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी खाली गेले. काकू शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"डाळ करपली माझी," मी म्हटलं.

"हो ना. आला वास," त्या कोड्यावरून मान वर न करता म्हणाल्या. "म्हटलं, रोज काय बोलायचं."

दुसऱ्या आठवड्यात समोरच्या वहिनी तूप घेऊन आल्या. काकूंनी वाटी नाकाजवळ नेली, बराच वेळ धरली आणि म्हणाल्या, "छान आहे." वहिनी खूश होऊन गेल्या. मी मात्र विचार करत राहिले. काकूंनी इतक्या दिवसांत तुपाला कधी छान म्हटलं नव्हतं. गाईचं आहे, लोणी चार दिवस जास्त ठेवलंत, कढवताना विड्याचं पान घातलंत, असं काय काय म्हणत. 'छान' हा त्यांचा शब्दच नव्हता.

एके सकाळी कामाला निघताना मी जिना उतरतेय, तोच गॅसचा वास आला. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस सुरू, आणि काकू शेगडीकडे पाठ करून खुर्चीत बसलेल्या. मला बघून त्या उठल्या. "ये गं. केवढं उकडतंय," म्हणत त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

मी धावत जाऊन तो हात धरला. जोरात धरला असणार, कारण त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला. बटणाला हात न लावता शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, सिलेंडरचा नॉब फिरवला आणि त्यांना ओढतच बाहेर ओट्यावर आणलं.

"काय झालं?" काकू विचारत होत्या. "अगं, झालं काय?"

"गॅस चालू होता, काकू. घर भरलंय गॅसनं."

त्या ओट्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "मला वासच येत नाही गं. कशाचाच नाही. आजार गेला आणि जाताना हे घेऊन गेला."

"मग सांगितलं का नाहीत कोणाला?"

"काय सांगू? गवयाचा आवाज गेला तर लोक विचारपूस करायला येतात. बाईचं नाक गेलं म्हटलं तर सगळ्यांना वाटेल काहीतरी भानगड झाली." त्या हसल्या, पण डोळे पुसले. "जेवताना कागद खाल्ल्यासारखं वाटतं. सकाळी उठते तर घर माझं वाटत नाही. दिसतं सगळं. पण फोटोत दिसावं तसं."

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांना हळूहळू परत येतं, काहींना येत नाही, सांगता येत नाही. त्यांनी नाकाचा व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. चार बाटल्या सकाळ-संध्याकाळ एकेक करून हुंगायच्या, आणि वास येत नसला तरी तो मनात आठवायचा.

काकूंनी ते काम नोकरीसारखं केलं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून त्या चार बाटल्यांपुढे बसत. लवंगेची बाटली नाकाशी धरून डोळे मिटत आणि कारखान्यात लवंगेची पोती फुटायची तेव्हा कसं व्हायचं ते आठवत. कधी मोठ्याने सांगतही. मी दाराशी उभी राहून ऐकत असे. इतकं तब्येतीत त्या वर्णन करत की मलाच लवंग येऊ लागे. मग त्या डोळे उघडत आणि बाटलीचं बूच लावत. "नाही," एवढंच म्हणत.

मलाही त्यांनी शिकवायला घेतलं. "तोवर माझं नाक तू," त्या म्हणाल्या. मी बाहेरून आले की विचारत, आज कोपऱ्यावर काय तळतायत? पावसाळी गटार कुठून उघडलंय? मी जमेल तसं सांगे. त्यांचं समाधान होत नसे. मामूंकडे मात्र त्यांनी जाणं सोडलं. फोन आला की म्हणत, "सर्दी झालीय हो मामू." मामूंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशीची सर्दी फारच लांबली ना?" मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले. ते म्हणाले, "राहू दे. सांगा त्यांना, गाड्या थांबतात."

उन्हाळा आला. मला हरसूलला जायचं होतं, आणि काकू म्हणाल्या, "मीही येते. बाजार असेल ना?" त्यांचं माहेर त्र्यंबकचं, घरात यात्रेकरूंची पूजाअर्चा चालायची, आणि लहानपणी वडिलांबरोबर त्या हरसूलच्या आठवडी बाजाराला जात. तिथल्या वासांबद्दल त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं. त्या का येताहेत ते मला कळलं. नको म्हणवेना.

मी उतारावर गाडी लावली, हॅन्डब्रेक पुरता वर ओढला आणि माझं काम उरकून आले. मग आम्ही दोघी बाजारात हिंडलो. मोहाची वाळलेली फुलं, नागली, खुरासणीचं तेल, बांबूच्या टोपल्या, एका कडेला सुकट आणि बोंबील घेऊन बसलेल्या बायका. काकूंनी मोहाची फुलं ओंजळीत घेऊन तोंड त्यात बुडवलं.

"गोड वास हाय ना, आजी?" विकणारी बाई म्हणाली.

"हो," काकू म्हणाल्या आणि फुलं परत ठेवली. सगळ्या बाजारातून त्या तशाच चालत आल्या, प्रत्येक ठिकाणी थांबून. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला आणि म्हणाल्या, "चल. बघून झालं."

परतीचा रस्ता त्र्यंबकच्या दिशेने वर चढतो. गाडी फार जड चालत होती. मला वाटलं, चढ आहे, ऊन आहे, गाडी जुनी आहे. दोन्ही बाजूंना शेतांत राब भाजत होते. भाताची रोपं टाकायच्या आधी तिकडे जमिनीवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पेटवून देतात, त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत सगळ्या डोंगराला धुराचा वास असतो. काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

आणि एकदम त्या म्हणाल्या, "जळतंय काहीतरी."

त्यांना बाहेर धूर दिसत होता आणि मन वास तयार करत होतं, असं मला वाटलं. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "राब आहेत काकू. बघा ना, सगळीकडे पेटवलेत."

"राब मला माहितीय. राबाचा नाही." त्या पुढे झुकल्या. "थांबव."

"काकू, पुढे सावली आहे, तिथे..."

"अगं, सतरंजी! सतरंजीवर इस्त्री! थांबव आधी!"

मी गाडी कडेला घेतली. दार उघडून खाली उतरले आणि मग मलाही आला. राबाच्या धुराखाली दडलेला, घशाला लागणारा, निराळाच. मागच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. मी तळवा चाकांजवळ नेऊन बघितला, हात न लावता. तीन चाकं उन्हात तापावीत तेवढीच. चौथं चुलीवरच्या तव्यासारखं. हॅन्डब्रेक मी खाली केला होता, पण त्या एका चाकाचा सुटलाच नव्हता. बाजारापासून ते चाक ब्रेकसकट फरफटत आलं होतं.

मी काकूंना ओढून लांब नेलं. पण त्या थांबतायत कुठे! रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, "येतोय! मला येतोय! अगं, येतोय मला!"

समोरून येणारी एक जीप थांबली. चालवणारा टोपीवाला गडी खाली उडी मारून आला. "आजी, मागं व्हा! गाडी पेटंल!"

"पेटू दे!" काकू म्हणाल्या. "वास येतोय!"

त्याने माझ्याकडे बघितलं. "यांना काय झालंय?"

"आनंद झालाय," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

त्याने जीपमधून पाण्याचा कॅन काढला आणि चाकावर ओतायला निघाला. काकू ओरडल्या, "नको, नको! तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर तडकेल! आपोआप निवू दे." तो थांबला, चाकाकडे बघितलं, ज्वाळा नव्हती, धूर विरत चालला होता. कॅन हाताशी ठेवून तो बसून राहिला. आम्हीही थांबलो. धूर पुरता गेला तेव्हा म्हणाला, "लय गरम हाय अजून. घडीभर तरी हात लावता येणार नाय. तुम्ही बसा सावलीला, म्या हरसूलला जाऊन येतो, मंग चाक खोलू."

"हरसूलला?" काकू म्हणाल्या. "मला न्या."

"काकू, आत्ताच तर आलो आपण तिथून!"

"मघाशी मी तिथे गेलेच नव्हते," असं म्हणून त्या जीपमध्ये चढूनसुद्धा बसल्या. मी गाडीच्या चाकांना दगड लावले, कुलूप केलं आणि मागे बसले.

बाजार उठत आला होता. काकू मोहाच्या फुलांपाशी गेल्या. ओंजळ भरून घेतली, वाट पाहिली. काही नाही. तेलापाशी काही नाही. नागलीपाशी काही नाही. मला भीती वाटू लागली. एका ब्रेकच्या धुरापुरतंच होतं की काय! मग त्या सुकटवाल्या बाईपुढे आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. डोळे मिटले. हनुवटी वर झाली. कितीतरी दिवसांनी ती हनुवटी मी तशी वर झालेली पाहिली.

"घ्यायचं तर घे आजी," बाई टोपली आवरत म्हणाली. "नायतर वाट सोड, गाडी सुटंल माझी."

"घेते," काकू म्हणाल्या. "सगळी दे."

माझा विश्वास बसेना. त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बाहेर जायचा. मी अंडी आणली तर ती जिन्याखालच्या डब्यात राहायची. "काकू, सुकट आहे ही. वाळवलेली मासळी."

"मला कळत नाही का? खायची नाहीये. हुंगायचीय."

आम्ही परत आलो तेव्हा चाक निवलं होतं. जीपवाल्याने जॅक लावून ते उचललं. चाक हाताने फिरेना. त्याने चाक काढलं, मला हॅन्डब्रेक चार-पाचदा वर-खाली करायला लावला आणि ब्रेकच्या लोखंडी डब्यावर पान्याने चहूबाजूंनी ठोकलं. एकदम खट्कन आवाज आला आणि तो मोकळा फिरू लागला. "आता घरापोत हॅन्डब्रेकला हात नाय लावायचा," त्याने बजावलं. "उभी करायची तर गेरमधी टाका अन् दगड लावा. उद्या गॅरेजला दाखवा." काकूंनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो संकोचून म्हणाला, "आवो आजी, म्या काय केलं? तुमी वास घेतला म्हून वाचली गाडी."

त्यावर काकूंचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मामूंनी चाक उघडून दाखवलं. हॅन्डब्रेकची तार त्या बाजूला गंजून तिच्या नळीतच अडकली होती, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. ब्रेकचे पट्टे जळून काळेठिक्कर झालेले. त्यांनी तार बदलली, पट्टे बदलले, आणि म्हणाले, "मावशी, सर्दी गेली वाटतं?"

"जातेय, मामू," काकू म्हणाल्या. "जरा जरा."

आणि ते खरंच होतं. त्यानंतर नाक एकदम आलं नाही. तुकड्यातुकड्यांनी आलं, आणि वेडंवाकडं आलं. मधे कित्येक दिवस कॉफीला रॉकेलचा वास यायचा आणि साबणाला काकडीचा. त्या चिडल्या नाहीत. लवंग मात्र एका सकाळी जशीच्या तशी आली, तेव्हा मला खाली बोलावायलाही त्या विसरल्या. बाटली घेऊन नुसत्या बसून राहिल्या होत्या.

पण मला आठवते ती हरसूलहून आल्याची संध्याकाळ. काकूंनी घरी पाऊल टाकताच सगळ्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यावर सगळी सुकट पसरली. मला म्हणाल्या, "तुला करता येते ना? थोडी भाज. मी लांब बसते." त्यांच्या शेगडीवर, त्यांच्याच तव्यावर मी सुकट भाजली. खिडक्या सगळ्या उघड्या. काकू मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, एखाद्या मैफलीला बसावं तशा.

अर्ध्या गल्लीत वास पसरला असणार. थोड्याच वेळात बेल वाजली. समोरच्या वहिनी होत्या, त्यांच्यामागे त्यांचे यजमान, आणि फाटकातून शेजारच्या जोशीकाकू नाकाला पदर लावून येत होत्या.

"अहो, माफ करा हं," वहिनी चाचरत म्हणाल्या, "पण सगळीकडे एक वास सुटलाय..."

काकूंनी दार सताड उघडलं. तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"तुम्हालाही येतोय ना?"